कार्बोरेटर असलेल्या जुन्या वाहनांतील इंजिनाच्या अनियमित चालीचे निदान : भोर व वेल्हे तालुक्यांच्या संदर्भात

सारांश :
पुणे जिल्ह्यातील भोर व वेल्हे या डोंगराळ तालुक्यांत कार्बोरेटर असलेली जुनी वाहने आजही रोजच्या वापरात आहेत. अशा वाहनाचे इंजिन अडखळू लागले की बहुधा सर्वप्रथम कार्बोरेटरला दोष दिला जातो व त्याचे स्क्रू फिरविले जातात. दोष कोठे आहे हे शोधण्यापूर्वी तो केव्हा प्रकट होतो हे पाहावे, आणि कार्बोरेटरला हात सर्वांत शेवटी लावावा, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे. त्यामागील शास्त्रीय कारणे, तसेच या परिसरातील चढ, पाऊस व इथेनॉलमिश्रित पेट्रोल यांचा संबंध विशद केला आहे.

बीजशब्द : कार्बोरेटर, मिसिंग, दाट व विरळ मिश्रण, ई-२० पेट्रोल, घाटरस्ते, पीयूसी.

१. प्रस्तावना :
भोर व वेल्हे हे सह्याद्रीच्या कुशीतील तालुके होत. राज्य मंत्रिमंडळाने मार्च २०२४ मध्ये वेल्हे तालुक्याचे 'राजगड' असे नामांतर करण्यास मान्यता दिली. तथापि प्रस्तुत लेखात वाचकांच्या परिचयाचे जुने नावच वापरले आहे. भाटघर, नीरा देवघर, पानशेत, वरसगाव व गुंजवणी या धरणांच्या जलाशयांभोवती विखुरलेल्या गावांतून आणि वाड्यावस्त्यांतून दूध, भाजीपाला व भाताची पोती बाजारापर्यंत आणावयाची, मुलांना महाविद्यालयात पोहोचवावयाचे, रात्री-अपरात्री रुग्णास दवाखान्यात न्यावयाचे, तर एस.टी.च्या मोजक्या फेऱ्यांवर विसंबून चालत नाही. अनेक कुटुंबांत हे काम एखादी जुनी दुचाकी करते. बजाज चेतक, एम-८०, हिरो होंडाची स्प्लेंडर, तसेच मारुती ८०० व ओम्नी यांची जुनी मॉडेल्स ही या पिढीची परिचित उदाहरणे होत.

भारतातील मोटारींमध्ये सन २००० च्या आसपास कार्बोरेटरची जागा इंधन-अंतःक्षेपण प्रणालीने घेण्यास सुरुवात केली. दुचाकींत मात्र कार्बोरेटर दीर्घकाळ टिकला. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ मानके लागू झाल्यानंतर नव्या दुचाकींतूनही तो जवळजवळ हद्दपार झाला. परिणामी कार्बोरेटर समजणारे जुने कारागीर कमी होत आहेत. नव्या कारागिरांचे शिक्षण संगणकीय तपासणीवर झालेले असते. जुन्या गाडीला मात्र आपला दोष पडद्यावर दाखविता येत नाही. तो तिच्या आवाजावरून, धुरावरून व वागण्यावरूनच ओळखावा लागतो.

२. लेखाची उद्दिष्टे :
(१) इंजिनाची चाल अनियमित का होते, हे मूलतत्त्वांच्या आधारे स्पष्ट करणे.
(२) लक्षणांवरून दोषाकडे जाण्याचा क्रम मांडणे.
(३) भोर-वेल्हे परिसरातील स्थानिक कारणांचा विचार करणे.

३. इंजिनाच्या चालीची चार अंगे :
पेट्रोल इंजिन सुरळीत चालण्यासाठी चार गोष्टी जुळून याव्या लागतात : योग्य प्रमाणातील हवा व पेट्रोल यांचे मिश्रण, त्या मिश्रणाचे पुरेसे दाबले जाणे म्हणजेच कॉम्प्रेशन, योग्य क्षणी पडणारी सशक्त ठिणगी, आणि जळालेला वायू बाहेर पडण्यास मोकळी वाट. यांपैकी एकही अंग उणे पडले की एखादा स्फोट चुकतो किंवा दुबळा होतो. कारागीर यालाच 'गाडी मिसिंग मारते' असे म्हणतात.

कार्बोरेटरचे कार्य पहिल्या अंगाशी निगडित आहे. इंजिन खेचून घेत असलेली हवा कार्बोरेटरच्या अरुंद गळ्यातून जाताना तिचा वेग वाढतो व दाब कमी होतो. दाबातील या फरकामुळे फ्लोट चेंबरमधील पेट्रोल जेटच्या बारीक छिद्रातून वर येऊन हवेत मिसळते. इटालियन शास्त्रज्ञ व्हेंच्युरी (१७४६-१८२२) यांच्या नावाने ओळखला जाणारा हा परिणाम होय. शुद्ध पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनासाठी १ ग्रॅम पेट्रोलला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. पेट्रोल याहून अधिक असल्यास मिश्रण 'दाट' व कमी असल्यास 'विरळ' म्हणावे. दाट मिश्रणाने काळा धूर, पेट्रोलचा वास व काजळलेला प्लग दिसतो. विरळ मिश्रणाने गाडी गचके खाते, इंजिन अधिक तापते व कार्बोरेटरमधून उलटे फटके येतात.

येथे एक बाब ध्यानात घ्यावयास हवी. कार्बोरेटर स्वतः काहीही 'ठरवीत' नाही. मिळालेल्या पेट्रोलवर व हवेवर तो केवळ दाबातील फरकानुसार काम करतो. टाकीतून पेट्रोल कमी आले, फिल्टरमधून हवा कमी आली किंवा मॅनिफोल्डच्या भेगेतून ती आगंतुक शिरली, तरी दोष कार्बोरेटरचाच भासतो.

४. एक अनुभव :
प्रस्तुत लेखकाच्या घरातील एका जुन्या मोटारसायकलचे उदाहरण येथे उद्बोधक ठरेल. ही गाडी गावात उत्तम चाले. परंतु पाबे घाट चढू लागल्यावर आठ-दहा मिनिटांत दम टाकून बंद पडे. पाच मिनिटे थांबल्यास पुन्हा सुरू होई. एका कारागिराने कार्बोरेटर साफ केला. दुसऱ्याने तो बदलला. तिसऱ्याने पिस्टन बदलण्याचा सल्ला दिला. दरम्यान एका संध्याकाळी आजारी वडिलांना घेऊन येत असताना गाडी घाटातच बंद पडली. टाकीत पेट्रोल आहे की नाही हे पाहण्यासाठी झाकण उघडताच हवा आत खेचली गेल्याचा 'सूं' असा आवाज आला, आणि पहिल्याच किकला गाडी सुरू झाली. झाकणातील हवेचे सूक्ष्म छिद्र चिखलाने बुजले होते. पेट्रोल खाली उतरे तसतशी टाकीत पोकळी निर्माण होई व पेट्रोलचा ओघ थांबे. सपाट रस्त्यावर पेट्रोल कमी लागत असल्याने हा दोष जाणवत नसे. एका टाचणीने तो दूर झाला.

तिन्ही कारागिरांपैकी कोणीही अप्रामाणिक नव्हते. 'गाडी केव्हा बंद पडते?' हा प्रश्न मात्र एकानेही विचारला नव्हता, व आम्हीही ते आपणहून सांगितले नव्हते.

५. 'केव्हा' या प्रश्नाचे महत्त्व :
लक्षण प्रकट होण्याची वेळ हीच निदानाची पहिली किल्ली होय. त्याचे चार प्रकार करता येतात.

(अ) थंड असताना अडखळणे व तापल्यावर सुधारणे : चोक नीट न लागणे, मिश्रण किंचित विरळ असणे अथवा स्लो जेट अंशतः बुजलेला असणे ही कारणे संभवतात.

(ब) तापल्यावर बिघडणे : टॅपेट अति घट्ट असल्यास तापलेला व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही व कॉम्प्रेशन निसटते. इग्निशन कॉइल, कंडेन्सर किंवा सीडीआय तापल्यावर दुबळे होणे हेही नेहमीचे कारण आहे. चोक उघडाच न होता अडकून राहिल्यासही असे घडते.

(क) केवळ पावसात किंवा दमट पहाटे बिघडणे : येथे प्रथम संशय विजेवर घ्यावा. प्लग कॅप व जाड वायर यांना गेलेल्या तड्यांतून ओलाव्यामुळे वीज इंजिनाच्या अंगावर उतरते. अंधारात इंजिन चालू ठेवून पाहिल्यास वायरीभोवती निळसर ठिणग्या स्पष्ट दिसतात.

(ड) ॲक्सिलरेटरच्या ठराविक स्थितीत बिघडणे : हा प्रकार कार्बोरेटरच्या अंतर्गत रचनेशी थेट संबंधित आहे. दुचाकींतील सरकत्या स्लाइडच्या कार्बोरेटरमध्ये मूठ बंद ते एक-अष्टमांश उघडी असताना स्लो जेट व एअर स्क्रू, त्यापुढे पाव उघडीपर्यंत स्लाइडचा तिरका काप, पाव ते पाऊण उघडीपर्यंत नीडल, आणि त्यापुढे मेन जेट यांचा प्रभाव प्रधान असतो. मुठीवर व तिच्या शेजारच्या स्थिर भागावर चिकटपट्टीच्या खुणा करून चढावर गाडी चालविल्यास अडखळण नेमकी कोणत्या टप्प्यात येते हे कळते. केवळ आयडलिंगला गाडी बंद पडत असेल तर मेन जेट बदलणे व्यर्थ आहे. केवळ पूर्ण मुठीवर दम टाकत असेल तर एअर स्क्रू फिरविणे व्यर्थ आहे.

६. तपासणीचा क्रम :
तपासणी सोप्याकडून कठिणाकडे व स्वस्ताकडून महागाकडे जावी. एका वेळी एकच बदल करावा. गाडी चालवून पाहावी. उपयोग न झाल्यास तो बदल पूर्ववत करावा. एकाच वेळी प्लग, जेट व टायमिंग बदलल्यास गाडी सुधारली तरी कशामुळे सुधारली हे कळत नाही, आणि बिघडली तर परतीची वाट उरत नाही.

प्रथम प्लग : प्लगचा रंग इंजिनाची अंतःस्थिती सांगतो. फिकट तपकिरी रंग समाधानकारक मानावा. कोरडी काजळी दाट मिश्रण दर्शविते, तेलकट काळेपणा ऑइल वर येत असल्याचे दर्शवितो, तर पांढरा व भाजलेला प्लग विरळ मिश्रण किंवा अति उष्णता सुचवितो. प्लगमधील अंतर फिलर गेजने मोजावे. अनेक जुन्या दुचाकींत ते ०.६ ते ०.७ मि.मी. असते, मात्र आपल्या वाहनाच्या पुस्तिकेतील आकडाच प्रमाण मानावा. पॉइंट असलेल्या गाड्यांत पॉइंटची पृष्ठे जळलेली नाहीत ना व त्यांतील अंतर योग्य आहे ना, हेही पाहावे. मारुती ८०० सारख्या तीन सिलिंडरच्या गाडीत आयडलिंगवर एकेका प्लगची जोडणी उष्णतारोधक व वीजरोधक पकडीने क्षणभर काढून पाहावी. जी काढल्याने इंजिनाच्या चालीत फरक पडत नाही, तो सिलिंडर मुळातच काम करीत नाही असे समजावे. त्याचा प्लग शेजारच्या सिलिंडरला लावल्यावर दोषही शेजारी गेला, तर दोष प्लगचाच होय.

द्वितीय पेट्रोलचा ओघ : टाकीच्या झाकणाचे छिद्र, कॉकमधील जाळी, नळी व फिल्टर तपासावेत. इंजिन थंड असताना नळी कार्बोरेटरपासून सोडवून पेट्रोल बाटलीत घ्यावे. धार अखंड हवी. नंतर फ्लोट चेंबरमधील पेट्रोल काचेच्या स्वच्छ बाटलीत काढून स्थिर ठेवावे. तळाशी वेगळा थर, गंज किंवा गाळ दिसल्यास टाकीच साफ केली पाहिजे. केवळ जेट साफ करून दोष पंधरवड्यात परत येतो. हे काम उघड्यावर, विडी-सिगारेट व चुलीपासून दूर करावे.

तृतीय हवा : कागदी फिल्टर धुळीने भरल्यास मिश्रण दाट होते. याउलट कार्बोरेटर व इंजिन यांमधील रबरी जोड तडकल्यास आगंतुक हवा शिरून मिश्रण विरळ होते, व आयडलिंग आपोआप वर-खाली होऊ लागते. जोडावर साबणाच्या पाण्याचे थेंब सोडल्यावर इंजिनाचा वेग बदलला तर गळती तेथेच आहे. काहीजण यासाठी पेट्रोल शिंपडतात. तापलेल्या इंजिनावर ते अत्यंत धोकादायक आहे.

चतुर्थ कॉम्प्रेशन व सायलेन्सर : किक मारताना पायाला विरोध जाणवत नसेल तर प्लगच्या छिद्रातून थोडे ऑइल सोडून पुन्हा पाहावे. विरोध वाढल्यास पिस्टन रिंग झिजल्या आहेत. न वाढल्यास व्हॉल्व्ह किंवा टॅपेटकडे लक्ष द्यावे. टू-स्ट्रोक गाड्यांत ही परीक्षा तितकीशी निर्णायक नसते. तेथे सायलेन्सरमध्ये साठलेला कार्बन अधिक वेळा दोषी ठरतो. वाट कोंडल्याने गाडी सपाटीवर चालते पण चढावर उठत नाही.

यानंतरच कार्बोरेटर उघडावा. एअर स्क्रू काढण्यापूर्वी तो हलक्या हाताने पूर्ण आत नेताना किती फेरे झाले हे मोजून लिहून ठेवावे. जेटच्या छिद्रात तार घालू नये. स्लो जेटचे छिद्र अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक असते व तारेच्या ओरखड्याने त्याचे माप कायमचे बिघडते. साफसफाईसाठी कार्बोरेटर क्लीनर व दाबाखालील हवा पुरेशी आहे.

७. स्थानिक परिस्थितीचा प्रभाव :

(अ) उंची व चढ : महाडहून वरंधा घाटाने भोरकडे येणारे वाहन समुद्रसपाटीच्या जवळून निघून सहाशे मीटरहून अधिक उंची गाठते. या उंचीवर हवेची घनता सुमारे ६ टक्क्यांनी घटते. इंजिनाची शक्ती साधारण त्याच प्रमाणात कमी होते, आणि साध्या कार्बोरेटरमधील मिश्रण सुमारे ३ टक्क्यांनी दाट होते. निरोगी गाडीला हा फरक फारसा जाणवत नाही. परंतु फिल्टर आधीच बुजलेला असल्यास वर पोहोचेपर्यंत ती काळा धूर ओकू लागते. थोडक्यात, घाट दोष निर्माण करीत नाही, असलेला दोष उघड करतो.

(ब) पाऊस व चिखल : चिखलणी-लावणीच्या दिवसांत गाडी शेताच्या बांधापर्यंत जाते, ओढ्यातून न्यावी लागते. फिल्टरच्या पेटीत पाणी शिरणे, प्लग कॅपमध्ये ओल साचणे व झाकणाचे छिद्र बुजणे हे या हंगामाचे विशेष दोष होत. वरंधा घाट अलीकडील काही पावसाळ्यांत वाहतुकीसाठी बंद ठेवावा लागला आहे. अशा वेळी लांबच्या वळशाच्या मार्गावर बंद पडणारी गाडी अधिकच अडचणीची ठरते.

(क) दीर्घकाळ उभी राहणारी वाहने : पुणे-मुंबईस नोकरीनिमित्त गेलेल्यांच्या गाड्या गावी सणावारापर्यंत उभ्या असतात. फ्लोट चेंबरमधील पेट्रोल उडून जाते व मागे उरलेला चिकट थर प्रथम स्लो जेट बुजवितो. गणपतीला गाडी सुरू केल्यावर ती चोकवरच चालते व चोक काढताच बंद पडते, याचे कारण बहुधा हेच असते. गाडी ठेवताना कॉक बंद करून फ्लोट चेंबर रिकामा केल्यास हा दोष टळतो.

(ड) ई-२० पेट्रोल : देशात पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २०२२ मध्ये १० टक्क्यांवर व २०२५ मध्ये २० टक्क्यांवर पोहोचले. १ ग्रॅम इथेनॉलच्या पूर्ण ज्वलनास केवळ ९ ग्रॅम हवा लागते. त्यामुळे २० टक्के मिश्रणासाठी योग्य प्रमाण १४.७ वरून सुमारे १३.५ वर येते. अंतःक्षेपण असलेल्या गाडीतील संवेदक हा फरक बऱ्याच अंशी भरून काढतात. शुद्ध पेट्रोलसाठी आखलेला जेट ते करू शकत नाही. परिणामी मिश्रण सुमारे ८ टक्क्यांनी विरळ होते. ज्या गाडीचा स्लो जेट थोडा बुजलेला आहे, तिला हा फरक लगेच जाणवतो. शिवाय इथेनॉल जुन्या रबरी नळ्या व वॉशर फुगवू किंवा कडक करू शकते, टाकीतील जुना गाळ सोडविते, व पाणी शोषून घेते. पाण्याचे प्रमाण मर्यादेबाहेर गेल्यास पाणी व इथेनॉल मिळून तळाशी वेगळा थर बनतो, आणि कॉक नेमका तोच थर इंजिनाला पुरवितो. दमट हवेत अर्धी रिकामी टाकी ठेवून गाडी महिनोन् महिने उभी करणे म्हणूनच टाळावे.

तथापि प्रत्येक बिघाडाचे खापर इथेनॉलवर फोडणे हेही निदान नव्हे. हे पेट्रोल सर्वच गाड्या वापरतात. त्यांतील काही बिघडतात व काही बिघडत नाहीत, तेव्हा फरक त्या गाडीच्या अवस्थेत शोधावा लागतो. प्लग, फिल्टर, रबरी जोड व जेट निर्दोष असल्याची खात्री झाल्यानंतरही विरळ मिश्रणाची लक्षणे उरली, तरच एअर स्क्रूची जुळणी, नीडलची खाच बदलणे किंवा किंचित मोठा जेट बसविणे यांचा विचार जाणकार कारागिराकडून करावा.

८. पीयूसी प्रमाणपत्र : एक दुर्लक्षित साधन
पंधरा वर्षांनंतर वाहनाच्या नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते, व जुन्या वाहनांना दर सहा महिन्यांनी पीयूसी घ्यावी लागते. ही पावती आपण केवळ दंड टाळण्यासाठी जपून ठेवतो. वस्तुतः तीवरील दोन आकडे निदानास उपयुक्त आहेत. ३१ मार्च २००० पर्यंत निर्माण झालेल्या दुचाकींसाठी आयडलिंगवर कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ४.५ टक्के, तर त्यानंतरच्या जुन्या मानकांच्या दुचाकींसाठी ३.५ टक्के आहे. कार्बन मोनॉक्साइड अधिक असल्यास मिश्रण दाट आहे. कार्बन मोनॉक्साइड कमी, पण हायड्रोकार्बन अधिक असल्यास काही मिश्रण न जळताच बाहेर पडत आहे. म्हणजेच ठिणगी चुकते आहे किंवा मिश्रण अति विरळ आहे. दुरुस्तीपूर्वीची व नंतरची पावती शेजारी ठेवल्यास सुधारणा झाली की केवळ आवाज बदलला, हे निश्चित सांगता येते.

९. निष्कर्ष :
(१) इंजिनाची चाल बिघडली म्हणजे कार्बोरेटर बिघडला, हा समज शास्त्रीयदृष्ट्या टिकत नाही.
(२) दोष केव्हा, कोणत्या हवामानात व मुठीच्या कोणत्या स्थितीत प्रकट होतो, ही माहिती कोणताही भाग बदलण्यापूर्वी मिळविली पाहिजे. ती देणे ही वाहनमालकाचीही जबाबदारी आहे.
(३) ठिणगी, पेट्रोलचा ओघ, हवा, कॉम्प्रेशन व शेवटी कार्बोरेटर, हा क्रम खर्च व वेळ दोन्ही वाचवितो.
(४) भोर-वेल्हे परिसरात चढ व पाऊस हे सुप्त दोष उघड करणारे घटक आहेत. ई-२० पेट्रोलमुळे जुन्या कार्बोरेटरची सहनशीलता कमी झाली आहे. परंतु ते एकमेव कारण नव्हे.

१०. समारोप :
जुने वाहन वापरणारा माणूस बहुधा हौसेने नव्हे, तर गरजेने ते वापरीत असतो. दूध घेऊन निघालेल्या शेतकऱ्याची गाडी घाटात बंद पडली तर त्या दिवसाचे दूध वाया जाते. अनावश्यक बदललेल्या एका भागाची किंमत त्याच्या कित्येक दिवसांच्या मिळकतीइतकी असू शकते. म्हणून निदानाची शिस्त हा केवळ यंत्रशास्त्राचा विषय न राहता ग्रामीण जीवनाच्या आर्थिक सुरक्षिततेचाही विषय ठरतो. महाविद्यालये व औद्योगिक प्रशिक्षण संस्था यांनी परिसरातील अनुभवी कारागिरांच्या साहाय्याने अशी प्रात्यक्षिके घेतल्यास, त्यांच्या हाती असलेले ज्ञान त्यांच्याबरोबरच लोप पावणार नाही. तोपर्यंत प्रत्येक वाहनमालकाने डिकीत एक वही ठेवावी व गाडी अडखळली की दिवस, जागा, हवामान व मुठीची स्थिती यांची एका ओळीत नोंद करावी. कारागिरासमोर ती वही उघडली, म्हणजे निम्मे निदान झालेलेच असेल.